पाणी निवळू द्यावे

पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले आणि विहिरीचे पाणी गढूळ झाले, की जुन्या घरांतील गृहिणी एक साधा उपाय करीत. पाणी हंड्यात भरायचे, तुरटीचा खडा त्यातून दोन-चार वेळा फिरवायचा, हंडा झाकायचा आणि रात्रभर त्याला कोणी हात लावायचा नाही. सकाळी माती तळाशी बसलेली असे. वरचे निवळलेले पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात गाळून घेतले जाई. यानंतरची कृती मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. तळाचा गाळ टाकून हंडा स्वच्छ घासला जाई, कारण तो घासला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे पाणी कितीही वेळ ठेवले तरी निवळत नसे.

या घरगुती क्रियेत तीन गोष्टी आहेत : पाण्याला थांबू देणे, थांबलेल्या पाण्याला न ढवळणे आणि साठलेला गाळ वेळच्या वेळी काढणे. जगभरातील अनेक शहरे आज पावसाचे पाणी नदीत किंवा खाडीत सोडण्यापूर्वी तलावांत थांबवतात, ती याच तीन गोष्टींच्या आधारावर. अभियंते त्यांना पर्जन्यजल तलाव किंवा धारण तलाव म्हणतात. ‘साचलेले पाणी म्हणजे घाण, वाहते पाणी म्हणजे निर्मळ’ ही समजूत आपल्या मनात खोलवर रुजलेली आहे. डोंगरातून येणाऱ्या झऱ्याच्या बाबतीत ती खरी असेलही. शहराच्या रस्त्यावरून धावणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या बाबतीत मात्र गोष्ट नेमकी उलट आहे. ते पाणी जितके वेगाने धावते, तितके अधिक मलिन होते. आणि त्याला निर्मळ व्हायचे असेल, तर कोठेतरी थांबावेच लागते.

छपरापासून खाडीपर्यंत

जंगलात किंवा शेतात पडलेला पाऊस पानांवर, गवतावर, पालापाचोळ्यावर अडखळत जमिनीपर्यंत पोहोचतो. बराचसा मुरतो, काही वाफ होऊन परत जातो आणि उरलेला संथपणे ओढ्याला मिळतो. शहरात जमीन झाकली गेलेली असते. गच्ची, फरशी, डांबर, काँक्रीट यांवर पडलेल्या पाण्याला मुरायला जागाच नसते. एक हेक्टर काँक्रीटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १० लाख लिटर पाणी तयार होते आणि काही मिनिटांतच ते गटाराकडे धाव घेते. कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या धावण्याचा आवाका कळतो.

हे पाणी एकटे जात नाही. आठ महिने रस्त्यावर जे जे साठले, ते सारे ते बरोबर नेते. बांधकामांची माती आणि सिमेंटची भुकटी, गाड्यांतून ठिबकलेले तेल, झिजलेल्या टायरांचे कण आणि त्यांतील जस्त, ब्रेकच्या पट्ट्यांतील तांबे, बागांत टाकलेल्या खतांतील नत्र व स्फुरद, भटक्या जनावरांची विष्ठा, प्लास्टिक, निर्माल्य. पहिल्या दोन-चार सरींचे पाणी सर्वांत काळे असते, हे गटाराकाठच्या कोणत्याही दुकानदाराने पाहिलेले असते. शास्त्रज्ञही या पहिल्या लोटाला वेगळे महत्त्व देतात, कारण पुष्कळदा हंगामातील मळाचा मोठा वाटा त्यातच असतो.

डोळ्यांना न दिसणारा मळ किती घातक असू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर घडले. सिएटल परिसरातील ओढ्यांत अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतणारे कोहो जातीचे साल्मन मासे पाऊस पडून गेला की तडफडून मरत. ओढ्यांचे पाणी वरवर स्वच्छ दिसे. अनेक वर्षांच्या शोधानंतर २०२० मध्ये कारण हाती लागले. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात मिसळले जाणारे एक रसायन हवेतील ओझोनशी संयोग पावून विषारी होते आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरते. तेच पाणी मातीच्या थरांतून गाळून सोडले, तर मासे जगतात, असेही प्रयोगांत आढळले होते. रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये माती, वनस्पती आणि थोडा वेळ यांचा अडसर असणे, हा तेथे माशांच्या जीवन-मरणाचा प्रश्न होता.

तलावाच्या पोटात

तलाव हा अडसर कसा उभा करतो? पहिले काम गुरुत्वाकर्षण करते. वेगाने आलेला लोट तलावात पसरला की त्याचा वेग मोडतो आणि वाहून आणलेले कण खाली बसू लागतात. बारीक वाळूचा, म्हणजे एक दशांश मिलिमीटर व्यासाचा कण एक मीटर पाणी सुमारे दोन मिनिटांत उतरून जातो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या कणाला मात्र तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. पाणी तलावात किती वेळ थांबते, यावर ते किती निवळणार हे ठरते, ते यामुळेच. आणि बारीक कणांनाच अधिक महत्त्व आहे, कारण जस्त, शिसे, तांबे, स्फुरद आणि तेलाचे अंश प्रामुख्याने त्यांनाच चिकटून प्रवास करतात. कण खाली बसला की त्याच्याबरोबर त्याचा मळही खाली बसतो.

दुसरे काम सजीव करतात. पाणकणीस, लव्हाळे, वेगवेगळ्या जातींचे पाणगवत यांची दाट रांग पाण्याचा वेग आणखी कमी करते. त्यांच्या बुडालेल्या देठांवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर वाढतो. दिसायला किळसवाणा वाटणारा हा थर वस्तुतः तलावाचे जठर आहे. त्यातील जीवाणू तेलाचे अंश व सेंद्रिय मळ फोडून पचवतात. तळाच्या चिखलात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू पाण्यातील नायट्रेटचे साध्या नत्रवायूत रूपांतर करतात आणि तो वायू निरुपद्रवीपणे हवेत परततो. वरच्या उथळ पाण्यात सूर्यकिरण रोगजंतूंचा नाश करतात. उन्हाचा, चिखलाचा आणि मुळांचा असा हा एक संथ कारखाना आहे. त्याला वीज लागत नाही, केवळ वेळ लागतो.

अमेरिकेत १९७८ ते १९८३ या काळात २८ ठिकाणी शहरी पावसाच्या पाण्याचा देशव्यापी अभ्यास झाला. त्यातील एक निष्कर्ष येथे महत्त्वाचा आहे. केवळ पूर टाळण्यासाठी बांधलेल्या आणि पाऊस ओसरताच रिकाम्या होणाऱ्या कोरड्या खड्ड्यांनी पाण्याच्या गुणवत्तेत फारसा फरक पडत नव्हता. ज्या तलावांत बारमाही पाणी होते, त्यांत मात्र गाळ व त्याला चिकटलेला मळ मोठ्या प्रमाणात अडत होता. नवा लोट आला की तो जुन्या, निवळलेल्या पाण्याला पुढे ढकलतो आणि स्वतः त्याची जागा घेऊन निवळू लागतो. तळाचा गाळ ढवळला जात नाही. पुढे तेथील अनेक राज्यांच्या नियमावलींत पावसाच्या पाण्यातील तरंगत्या गाळापैकी ८० टक्के अडवण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. नीट आखलेला, योग्य आकाराचा तलाव हे साधू शकतो. विरघळलेल्या नत्र-स्फुरदाच्या बाबतीत यश याहून पुष्कळ कमी असते, हेही तितकेच खरे.

काठावरची वस्ती

पाणी थांबले की त्याच्या काठी वस्ती होते. माणसांची होते, तशीच इतर जीवांचीही. शहरातील नवा तलाव भरून एखादा पावसाळा गेला, की प्रथम चतुर आणि टाचण्या येतात. त्यांच्या मागोमाग बेडूक, पाणकिडे, मासे. आणि त्यांना टिपण्यासाठी खंड्या, वंचक, पाणकावळा आणि बगळा. उथळ पाण्यात लांब पायांचा शेकाट्या चिखल चाचपत फिरतो, खोल भागात टिबुकली बुडी मारते. पाणकणसांच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी घरटे बांधते. हे सारे जीव तलाव किती मोठा यापेक्षा त्याचा काठ कसा आहे, याकडे अधिक पाहतात.

काठ उतरता असेल, पाण्याखाली घोटाभर खोलीची रुंद पायरी असेल, तेथे स्थानिक वनस्पती असतील, तर लहान तलावही गजबजतो. काठाला उभी काँक्रीटची भिंत आणि वर लोखंडी कठडा असेल, तर मोठा तलावही मुका राहतो. अशा भिंतीवरून बेडकाला वर चढता येत नाही, चिखल चाचपणाऱ्या पक्ष्याला पाय टेकता येत नाही आणि पाणकणसाला मूळ धरता येत नाही. ‘सुशोभीकरण’ या शब्दाखाली आपल्या गावोगावच्या तळ्यांचे काठ उभ्या भिंतींनी बांधले गेले, तेव्हा पाणी गाळणारी आणि जीव जगवणारी ती उथळ पट्टीच प्रथम नाहीशी झाली. जी वनस्पती पाणी स्वच्छ करते, तीच पिल्लांना आडोसा देते. म्हणून पाण्याची गुणवत्ता आणि जीवसृष्टी हे दोन स्वतंत्र लाभ नाहीत. काठाचे संगोपन केले, की दोन्ही एकत्र येतात.

तलाव म्हटले की डासांची शंका हमखास निघते आणि ती रास्तही आहे. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उष्ण हवेत आठ-दहा दिवस शांत पाणी लागते. मात्र त्याला सर्वांत सोयीचे असते ते शत्रू नसलेले पाणी : कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, गच्चीवरचे डबके, प्लास्टिकने तुंबलेले गटार. जिवंत तलावात चतुराची पाण्यातली पिल्ले, पाणकिडे आणि लहान मासे डासांच्या अळ्यांवर तुटून पडतात. तलावात जलपर्णी माजली, सांडपाणी शिरले आणि प्राणवायू संपला की हे पहारेकरी मरतात आणि मग डास खरोखर वाढतात. अशा वेळी दोष पाण्याच्या थांबण्याचा नसतो, ते निर्जीव होण्याचा असतो.

नवी मुंबईचे धारण तलाव

महाराष्ट्रात या विषयाचा धडा पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्व काठावर नवे शहर वसवण्याचे काम सुरू झाले. यातील बरीच जमीन सखल, खाऱ्या पाण्याची होती. भराव घालूनही काही भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहणार होता. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर शहरातील पाणी बाहेर जाणार कोठे? उत्तर म्हणून हॉलंडच्या धर्तीवर बेलापूरपासून ऐरोलीपर्यंत खाडीकाठाने धारण तलाव ठेवण्यात आले. पावसाळी नाले या तलावांत येतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये एकाच बाजूने उघडणारी झडप-दारे असतात. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते आणि पावसाचे पाणी तलावात साठत राहते; ओहोटी लागली की दार उघडते आणि साठलेले पाणी खाडीत उतरते.

युक्ती परदेशी म्हणून सांगितली गेली, तरी तिचे मर्म या किनाऱ्याला अनोळखी नव्हते. रायगडच्या खार जमिनींत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, त्यांत उघाड्या बसवून भरतीचे पाणी बाहेर आणि पावसाचे पाणी आत असा हिशेब सांभाळला. गोव्याच्या खाजन शेतीत हेच काम ‘मानस’ करते. फरक एवढाच, की खार जमिनीचा बांध आणि उघाडी ही गावाची सामाईक जबाबदारी असे. दरवर्षी ठरलेल्या वेळी दुरुस्ती होई, कारण ती झाली नाही तर कोणाचे शेत बुडणार हे प्रत्येकाला ठाऊक असे.

नवी मुंबईच्या तलावांनी आपले काम चोख केले. किंबहुना ते चोख केल्यामुळेच पुढचा पेच उभा राहिला. नाल्यांतून आलेली शहराची माती आणि भरतीबरोबर शिरलेला खाडीचा चिखल या थांबलेल्या पाण्यात बसत गेला. वर्षामागून वर्षे गेली, गाळ पुरेसा उपसला गेला नाही आणि तलाव उथळ होत गेले. चिखलाचा तळ जेथे भरती-ओहोटीच्या टप्प्यात वर आला, तेथे तिवरांच्या बिया रुजल्या. काही वर्षांत तलावांच्या पोटात कांदळवन उभे राहिले. त्याच्या मुळांत निवट्या आणि खेकडे आले, फांद्यांवर बगळे विसावू लागले.

आता प्रश्न दुहेरी आहे. तलाव उथळ झाला, तर भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला जागा उरत नाही आणि ते शेजारच्या वसाहतींच्या तळमजल्यांत शिरते. गाळ उपसायचा, तर उभे कांदळवन तोडावे लागते. कांदळवनाला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, त्यांच्या भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले आणि केवळ सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य असेल, तेव्हाच परवानगीचा मार्ग ठेवला. त्यामुळे तलावाच्या सफाईचा प्रश्न न्यायालयाच्या दारापर्यंत जातो. एका बाजूला घरांत पाणी शिरलेली कुटुंबे, दुसऱ्या बाजूला निरपराध वनसृष्टी. आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे.

या पेचात कांदळवनाला दोष देता येत नाही आणि रहिवाशांनाही नाही. हंडा वेळेवर घासला गेला नाही, एवढेच मुळाशी आहे. पहिल्या पाच वर्षांत वीतभर गाळ काढला असता, तर कोणाचेही घरटे मोडले नसते. वीस-तीस वर्षे थांबल्यावर मात्र त्याच गाळावर एक संसार उभा राहतो आणि मग कोणताही निर्णय कोणाला तरी दुखवल्याशिवाय होत नाही. दुर्लक्षाची किंमत नेहमी अशीच असते. ती दुर्लक्ष करणाऱ्याकडून वसूल होत नाही.

या तलावांतून सुटलेले पाणी जेथे जाते, त्या ठाणे खाडीचाही यात वाटा आहे. खाडीच्या चिखलपट्ट्यांवर दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भरतीच्या वेळी चिखलपट्ट्या बुडाल्या, की हे पक्षी नवी मुंबईच्या काठावरील उथळ पाणथळींत विसाव्याला येतात. शहराच्या नाल्यातून येणारे पाणी निवळून खाडीत उतरले काय किंवा तसेच काळे उतरले काय, याची झळ शेवटी त्या चिखलात चोच घालणाऱ्यापर्यंत पोहोचते.

हार्बिनचे कडे

गाळ काढायचा तर जीवांचा आसरा मोडतो आणि न काढावा तर तलाव मरतो, या पेचातून वाट काढणारी एक आखणी चीनच्या ईशान्येकडील हार्बिन शहरात झाली आहे. तेथील चुन्ली या नव्या उपनगरात ३४ हेक्टरांची एक जुनी पाणथळ होती. चारही बाजूंनी रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या, पाण्याच्या वाटा तुटल्या आणि संरक्षित असूनही ती वाळू लागली. दुसरीकडे त्याच उपनगरात पावसाचे पाणी तुंबण्याचा धोका होता. तेथेही वर्षाच्या पावसातील ६० ते ७० टक्के वाटा जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांतच कोसळतो. भूदृश्यरचनाकार कोंगजियान यू यांच्या संस्थेकडे २००९ मध्ये हे काम आले. त्यांनी दोन्ही दुखण्यांना एकच औषध सुचवले : शहराला नकोसे झालेले पावसाचे पाणी तहानलेल्या पाणथळीला द्यावे.

पण रस्त्याचे मळकट पाणी थेट पाणथळीत सोडले असते, तर ती वाचण्याऐवजी नासली असती. म्हणून पाणथळीच्या मधल्या भागाला हातही लावला नाही. केवळ कडेने माती उकरून लहान-मोठ्या तळ्यांचे आणि उंचवट्यांचे एक कडे तयार केले. उकरलेली माती बाहेर नेली नाही; तिचेच उंचवटे झाले आणि त्यांवर बर्चची झाडे लावली. शहराचे पाणी प्रथम या कड्यातील तळ्यांत येते, तेथे गाळ टाकते, पाणगवतातून गाळले जाते आणि निवळल्यावर मध्यभागी उतरते. माणसांसाठी कड्यातून पायवाटा आणि झाडांच्या उंचीवरून जाणारा एक पूल आहे. गर्भात मात्र कोणी जात नाही.

या रचनेचा खरा बोध कामाच्या वाटणीत आहे. कडे हे श्रमाचे स्थान आहे. तेथे गाळ बसणार, तेथे माणसाने तो काढायचा, तेथे थोडी ढवळाढवळ होणारच. गर्भ हे विसाव्याचे स्थान आहे. तेथे कुदळ जायची नाही. जगभर पर्जन्यजल तलाव आखणारे अभियंते हीच वाटणी लहान प्रमाणात करतात. नाला जेथे तलावाला मिळतो, तेथे एक वेगळे, बांधाने तोडलेले गाळकुंड ठेवतात. जाड गाळ व कचरा त्यातच अडतो. काही वर्षांनी केवळ तेवढेच कुंड उपसायचे. मुख्य तलावातील पाणकणसे, घरटी आणि बेडकांची अंडी यांना धक्का लागत नाही. नव्याने बांधल्या जाणाऱ्या आपल्या तलावांत असे गाळकुंड पहिल्या दिवसापासून ठेवले आणि त्याच्या सफाईची तारीख व खर्च आराखड्यातच लिहिला, तर वीस वर्षांनी न्यायालयात जाण्याची वेळ येणार नाही. जुन्या तलावांतही नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवून, उपसण्याचे काम टप्प्याटप्प्याने आणि विणीचा हंगाम टाळून केले, तर हानी पुष्कळ कमी होते.

तलावाच्या मर्यादा

तलावाकडून अवास्तव अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. पावसाचे पाणी निवळणे हे त्याचे काम आहे, मैलापाणी शुद्ध करणे नव्हे. एखाद्या वसाहतीची सांडपाण्याची वाहिनी चोरून पावसाळी गटाराला जोडली, की तलावाचे जठर बिघडते. पाणी हिरवे-काळे होते आणि मासे तरंगू लागतात. तळाला साठलेल्या गाळात शहरभरची जड धातूंची भुकटी असते. त्यामुळे उपसलेला गाळ तपासल्याशिवाय शेतात किंवा बागेत टाकू नये.

अतिवृष्टीपुढेही त्याची शक्ती मर्यादित असते. पाणी शोषून, साठवून ठेवणाऱ्या शहरांच्या कल्पनेला चीनने राष्ट्रीय धोरणाचे रूप दिले आणि झेंगझोऊ शहरानेही त्या दिशेने काम केले होते. तरीही २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर बुडाले. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची आठवण अद्याप ताजी आहे. असा पाऊस कोणताही तलाव सामावून घेऊ शकत नाही. परंतु वर्षातील बहुसंख्य सरी अशा नसतात. त्या साध्या सरींचे पाणी निवळून पुढे सोडणे, हे तलावाचे रोजचे, निमूटपणे चाललेले काम आहे आणि खाडीचे आरोग्य त्यावरच अवलंबून आहे.

घराच्या उंबरठ्यापासून

तलावापर्यंत येणारे पाणी घराच्या उंबरठ्यापासूनच निघते. म्हणून त्याची काळजीही तेथूनच सुरू होऊ शकते. गाडी अंगणात फेस करून धुतली, की साबण व तेल पावसाळी गटारातून थेट तलावात जाते. ओल्या फडक्याने पुसली, तर पाणीही वाचते. कढईतील उरलेले तेल, रंगाचे डबे धुतलेले पाणी, बांधकामाची वाळू गटाराच्या तोंडाशी जाऊ नये. सोसायटीच्या आवारातील सगळी जमीन फरशीने झाकण्याऐवजी झाडांच्या बुंध्याभोवती आणि कडेने मातीचे पट्टे मोकळे ठेवले, तर पुष्कळ पाणी तेथेच मुरते. मोठ्या वसाहतीला आवाराच्या सखल कोपऱ्यात एक उथळ, हिरव्या काठाचे तळेही करता येते. लहान मुले राहत असल्यास काठ उतरता आणि पाणी उथळ ठेवणे, हे त्यांच्याही सुरक्षिततेचे असते.

एक सवय विशेष विचार करण्याजोगी आहे. सकाळी फिरायला जाताना तळ्यातील माशांना कणकेच्या गोळ्या, पाव, मुरमुरे घालण्याचा परिपाठ अनेक ज्येष्ठ मंडळी प्रेमाने पाळतात. हेतू करुणेचा असतो. पण मासे खातात त्याहून अधिक अन्न पुष्कळदा तळाशी बसते आणि कुजते. कुजताना ते पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. त्यातील नत्र व स्फुरदावर शेवाळ माजते. उन्हाळ्याच्या एखाद्या पहाटे प्राणवायू संपतो आणि ज्यांना खाऊ घातले, तेच मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून तडफडू लागतात. त्या जीवांना खरे अन्न हवे असेल, तर ते काठावरच्या गवतात, किड्यांत आणि शेवाळाच्या नैसर्गिक थरात आहे. पिशवीतील मुरमुऱ्यांऐवजी पाण्यातील प्लास्टिकची एक पिशवी बाहेर काढणे, ही त्या तळ्याची अधिक मोठी सेवा ठरते.

तलावाजवळ राहणाऱ्या वसाहतींनी आणखी एक गोष्ट करावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, एकत्र जाऊन तलाव पाहावा. गाळ किती वर आला, झडप-दार मोकळे आहे की प्लास्टिकने अडकले, एखादी सांडपाण्याची वाहिनी आत आली आहे काय, कोणते पक्षी दिसले, कोणते दिसेनासे झाले, हे एका वहीत नोंदवावे. शाळकरी मुलांना बरोबर न्यावे. चतुर, बेडूक आणि खंड्या मोजण्यात त्यांचे डोळे मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असतात. दहा वर्षांची अशी वही स्थानिक प्रशासनापुढे ठेवली, की तलावाच्या सफाईची मागणी नोंदींच्या आधारावर उभी राहते आणि ती वेळेत पुढे येते.

खार जमिनीच्या गावात बांधाची राखण ज्या भावनेने होत असे, तीच भावना शहराच्या तलावाला हवी आहे. तलाव एकदा बांधून, उद्घाटनाची पाटी लावून काम संपत नाही. त्याला थांबलेले पाणी हवे, न ढवळलेला गर्भ हवा आणि वेळेवर काढला जाणारा गाळ हवा. जुन्या घरातील गृहिणीने हे तिन्ही नियम कोणत्याही नियमावलीशिवाय पाळले. सकाळचे निवळ पाणी घरातल्या सर्वांना मिळाले, ते तिने आदल्या दिवशीचा हंडा घासला होता म्हणून.